मराठीचा रकाना

वेब अ‍ॅप्लिकेशनला मराठी येऊ लागते ती साधारणपणे शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारी सरकारी साहेबांसमोर सादरीकरण असते. त्याआधी दोन वर्षे सगळा कारभार इंग्रजीत सुखाने चाललेला असतो. मग वरून फर्मान सुटते, ‘‘अरे, तेवढी मराठी टाकून द्या.’’ चवीपुरती.

टाकण्याची पद्धत सोपी आहे. पडद्यावरची सगळी इंग्रजी वाक्ये एक्सेलच्या डाव्या रकान्यात ओततात आणि उजवा रकाना अनुवादकाकडे पाठवतात. कुठले वाक्य बटणावर बसणार आणि कुठले मथळ्यात, हे त्याला कळवायचे नसते. सकाळपर्यंत रकाना भरून मिळाला, की काम फत्ते. सोमवारी पडद्यावर झळकते : ‘पुणे मध्ये 1 घरे उपलब्ध.’ साहेब टाळ्या वाजवतात, कारण साहेब इंग्रजी आवृत्ती बघत असतात.

यात अनुवादकाची काडीचीही चूक नाही. वाक्य त्याला मिळालेच नव्हते. मिळाले होते ‘मध्ये’ आणि ‘घरे उपलब्ध’ हे दोन सुटे भाग. शहराचे नाव आणि आकडा प्रोग्राम आयत्या वेळी चिकटवतो. इंग्रजीत हे खपून जाते. मराठीत पुण्याला सामान्यरूप लागते आणि सुनीताने फोटो पाठवला, चिठ्ठी पाठवली की पत्र पाठवले, यावर क्रियापद बदलते. आमचे अ‍ॅप या भानगडीत पडत नाही. ‘सुनीता ने चिठ्ठी पाठवला’ असे ठणकावून सांगते.

बिचाऱ्या संगणकाची काही तक्रार नाही बरं का! युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. कुठल्या भाषेत अनेकवचनाचे किती प्रकार, याचे नियम युनिकोडवाल्यांनीच लिहून फुकट वाटले आहेत : अरबीला सहा, मराठीला दोन, जपानीला एकच. ‘1 घर, 2 घरे’ एवढे त्यातून सहज साधते. पण त्यासाठी अख्खे वाक्य अनुवादकाच्या हाती द्यावे लागते आणि तशी तजवीज पहिल्या दिवशीच करावी लागते. पहिल्या दिवशी आपण लोगोचा रंग ठरवत होतो.

बटणांची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेली, म्हणून ‘नोंदणी’ची वेलांटी वरून छाटली जाते. ओटीपीचा एसएमएस इंग्रजीतच येतो, कारण एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे मावतात 160 आणि देवनागरी आली की मर्यादा 70. मातृभाषेचा अभिमान एका एसएमएसच्या पैशात बसला पाहिजे. काही बिघडले, तर तो निरोपही इंग्रजीतच. चिडला की माणूस आपल्या मातृभाषेवर येतो, तसे अ‍ॅपही येते.

आता ही मराठी सापडते कुठे? ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रेफरन्सेस’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’. तिन्ही पाट्या इंग्रजीत. म्हणजे इंग्रजी न येणाऱ्याने मराठीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी इंग्रजी शिकायचे. तेवढी शिकला, तर त्याला मराठी हवी कशाला?

सहा महिन्यांनी अहवाल येतो. मराठी आवृत्ती फारसे कोणी वापरत नाही, सबब मराठी माणसालाच मराठी नको आहे, असा निष्कर्ष रंगीत आलेखासह मंजूर होतो. पुढच्या तिमाहीत कन्नड टाकायचे ठरले आहे. तक्ता तयारच आहे. एक रकाना वाढवला की झाले.