चावऱ्याचा जामीनदार

सकाळी साडेसहाला आमच्या लिफ्टचं दार उघडतं तेव्हा आतून आधी घोषणा येते, "बाजूला व्हा! हात लावू नका! बघू नका! कौतुक तर अजिबात करू नका!" मग काका बाहेर येतात. त्यांच्या पायाशी एक पांढरं, सात किलोचं, एक कान उभा आणि एक पडलेला असं प्रकरण असतं. त्याचं नाव स्वीटी. स्वीटी हा नर आहे.

"काका, निदान नाव तरी बदला," असं मी एकदा म्हणालो होतो.

"मूळ कागदावर हेच नाव आहे. केवायसी झालेलं खातं आहे ते," काका म्हणाले. विषय संपला.

काकांची बँकेतली चौतीस वर्षं मुख्यत्वे कर्ज विभागात गेली. म्हशीसाठी कर्ज दिलं तर गोठ्यात जाऊन, म्हशीच्या कानातला बिल्ला कागदावरच्या नंबराशी ताडून पाहणारा हा माणूस. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून चालायला लागले, आणि चालता चालता एकदा जुन्या चादरी द्यायला गावाबाहेरच्या एका कुत्र्यांच्या निवाऱ्यात पोचले. तिथल्या पोऱ्याने कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "त्याच्याजवळ जाऊ नका काका. तीनदा घरी गेला, तीनदा परत आला. रेकॉर्ड खराब आहे."

'रेकॉर्ड' हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. काका तिथेच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दाखव बघू."

रेकॉर्ड असं काही नव्हतंच. "चावतो" एवढाच शेरा. कधी, कुणाला, कुठे, का, कशाचाच पत्ता नाही. काका हळहळले ते कुत्र्यापेक्षा त्या कोऱ्या रकान्यांसाठी, असं काकूंचं म्हणणं. तात्पुरतं सांभाळतो आणि चांगलं घर बघून देतो, असं लिहून देऊन त्यांनी स्वीटीला रिक्षात घातलं.

मुक्या जिवाला घर शोधून देणारा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. तुमच्याही असेल. पण त्यांच्यातले बहुतेक जण विक्रेते असतात. "अगदी गरीब आहे हो", "असून नसल्यासारखा", "आजची रात्र फक्त ठेवा" असं म्हणत पिल्लू तुमच्या मांडीवर ठेवतात आणि चपला घालून पसार होतात. आमचे काका म्हणजे या जातीतली उलट्या पिसांची कोंबडी. ते इतकं खरं सांगतात की ऐकणारा चपला घालतो. त्यांनी सोसायटीच्या फलकावर लावलेली पहिली जाहिरात अशी होती: 'लहान कुत्रा देणे आहे. चावतो.' अहो, काहीतरी चांगलं लिहा, असं चार जणांनी सांगितल्यावर दुसरी लागली: 'लहान कुत्रा देणे आहे. देखणा आहे. चावतो.'

देखणा आहे म्हणावं तर लोक "अय्या, पामेरियन!" म्हणून पुढे येत. मग काका थांबवून दुरुस्ती करत. आपल्याकडे ज्याला सर्रास पामेरियन म्हणतात तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातल्या टफीने सगळ्या देशाला वेड लावलं, आणि पांढरं कुत्रं म्हणजे सोफ्यावरची उशी असं लोकांना वाटू लागलं. "उशीला दात नसतात," एवढं बोलून काका व्याख्यान आवरतं घेत. तोवर पुढे आलेला माणूस दोन पावलं मागे गेलेला असे.

काकांचं खरं वैभव म्हणजे ती वही. लांबुळकी, लाल कापडी पाठीची, बँकेतून आणलेली असावी असा मला संशय आहे. आत पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, वेळ, स्थळ, चावा घेतलेली व्यक्ती, कारण, पायरी. पहिली नोंद मी स्वतः वाचली आहे. 'स्थळ: स्वयंपाकघर. व्यक्ती: मी. कारण: मी.' खाली बारीक अक्षरात: 'जेवत असताना ताटली सरकवली. माझी ताटली कुणी सरकवली असती तर?' दुसरी नोंद इस्त्रीवाल्याची. 'कारण: वरून वाकून डोक्यावर हात.' तिसरी धाकट्या जावयाची. 'कारण: कोचाखाली झोपलेला असताना ओढून बाहेर काढला. यापूर्वी दोनदा सांगितले होते, नोंद आहे.' कारणाच्या रकान्यात कुत्र्याचं नाव एकदाही नाही.

पायरी म्हणजे काय, तर इयान डनबर नावाच्या पशुवैद्याने चाव्यांच्या सहा पायऱ्या लावून ठेवल्यात. पहिलीत नुसता अंगावर येतो, दात लागत नाही. दुसरीत लागतो पण रुतत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार छिद्रं, तीही सुळ्याच्या अर्ध्या लांबीहून उथळ. सहावीबद्दल काका बोलत नाहीत. त्यांना हे सापडलं तेव्हा ते घरी पेढे घेऊन आले होते. "अरे, ही आपली ॲसेट क्लासिफिकेशनच आहे! स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल, लॉस. लोक 'चावतो' म्हणून सगळ्यांना एकदम लॉसमध्ये टाकतात. असं कुठे असतं?"

मी त्या वहीत पाचवा आहे. मांजराला बोलवावं तसं च् च् करून मी हात पुढे केला. स्वीटी गप्प उभा होता. शेपूट थांबली, त्याने एकदा ओठ चाटले, मला वाटलं लाडात आलाय, आणि पुढच्या क्षणी माझा अंगठा त्याच्या तोंडात होता. शेजारच्या वहिनी हळदीचा डबा घेऊन धावल्या. काका त्यांच्यावर असे ओरडले की हळद जिन्यात सांडली. "हळद नाही, चुना नाही, तिखट नाही! साबण आणि वाहतं पाणी. पंधरा मिनिटं!" मला बेसिनपाशी उभं करून ते घड्याळ घेऊन शेजारी उभे राहिले. दहाव्या मिनिटाला मी हात काढू लागलो तर म्हणाले, "मुदतीआधी मोडू नकोस."

मग मला इंजेक्शनला घेऊन गेले. माझ्या डोक्यात लहानपणी ऐकलेली पोटातली चौदा इंजेक्शनं. ती केव्हाच गेली. आता दंडात पाच. "हप्ते आहेत असं समज," काका म्हणाले. "दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. एकही थकवायचा नाही." तिकडे कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, म्हणून रोज रात्री नऊ वाजता त्यांचा फोन यायचा, "स्वीटी ठणठणीत आहे. जेवला." माझी चौकशी अठ्ठाविसाव्या दिवशी केली. माझी नोंद अशी आहे: 'अंगठा. दोन छिद्रे. पायरी तिसरी. सबस्टँडर्ड. कारण: ओठ चाटणे म्हणजे लांब राहा, हे व्यक्तीस ठाऊक नव्हते.'

काकांना खरी चिंता होती ती मात्र चावण्याची नव्हती, न गुरगुरण्याची होती. "हा गुरगुरत नाही रे," ते एकदा गॅलरीत मला हळू आवाजात म्हणाले, पोर बोलत नाही हे सांगावं तसं. त्यांचा तर्क असा की आधीच्या कुठल्या तरी घरात हा गुरगुरला की फटका बसत असणार. गुरगुर ही नोटीस असते. नोटीस पाठवल्याबद्दल शिक्षा झाली की कुत्रं नोटीस पाठवायचं सोडतं आणि थेट जप्तीला येतं. म्हणून काका त्याला कधीही रागावत नसत. काकू म्हणायच्या, "माझं गुरगुरणं ह्यांना चाळीस वर्षांत कधी ऐकू आलं नाही. आता कानात प्राण आणून बसतात."

मुसकं घालायला मात्र शिकवलं. मळणीच्या बैलाला बांधतात तसलंच, पण प्लास्टिकच्या जाळीचं. आत तळाला दही लावायचं आणि नुसतं समोर धरायचं. पट्टा बांधायचा नाही, घाई करायची नाही. मी पाहिलं तेव्हा काका जमिनीवर पालथे पडून ते धरून बसले होते आणि पाऊण तास स्वीटी भिंतीकडे बघत होता. महिन्याभराने तो आपणहून नाक आत घालायला लागला. त्या दिवशी काकांनी आधी मुलाला अमेरिकेत फोन केला, तिथे रात्रीचे दोन वाजले असतील.

स्थळं येत होती. एकाला मुलीच्या वाढदिवसाला भेट द्यायची होती. मुलगी पाच वर्षांची. "तुमच्या मुलीचा चेहरा आणि ह्याचं तोंड एकाच उंचीवर येतं," काकांनी सांगितलं आणि चहा पाजून परत पाठवलं. एकाला फार्महाऊसवर राखणीला हवा होता. एक बाई म्हणाल्या, चालेल, चावू दे, वॉचमन सांभाळेल. काकांनी वॉचमनचा नंबर मागितला. पन्नास प्रश्नांची त्यांची यादी होती: घरात कोण, दुपारी कोण, गावाला गेलात तर कोण, घरमालकाची परवानगी आहे का, जनावरांचा डॉक्टर किती लांब, कुत्र्याला कोचावर बसू देणार का आणि दिलंत तर उठवणार कसं. "माझ्याशी लग्न ठरवताना ह्यांनी दोन प्रश्न विचारले होते," काकू पोहे ढवळत म्हणाल्या, "त्यातला एक पंख्याबद्दल होता."

शेवटी आल्या त्या सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त गणिताच्या बाई. एकट्या राहणाऱ्या, तळमजला. स्वीटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्चीत बसून वही मागितली आणि तासभर वाचली, हातात पेन्सिल घेऊन. तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. एवढ्या वेळात स्वीटी त्यांच्या चपलेचा वास घेऊन गेला, परत आला आणि खुर्चीपासून दोन हातांवर आडवा झाला. बाईंनी पाय हलवला नाही, हातही पुढे केला नाही.

"सगळ्यांनी न विचारता हात लावलाय," वही मिटत त्या म्हणाल्या. "मलाही कुणी न विचारता हात लावलेला खपत नाही. उदाहरण सुटलं की. अडलंय कुठे?"

चौतीस वर्षांत कुठल्याही कर्जदाराने काकांना असं निरुत्तर केलं नसेल. पण जामीनदार मागायची सवय सुटते थोडीच? त्यांनी मागितला. "तुम्हीच राहा," बाई म्हणाल्या. आणि काकांनी खरंच कागद केला: कधीही, कुठल्याही कारणाने, कोणताही प्रश्न न विचारता कुत्रा परत घेईन. खाली सही, तारीख, साक्षीदार म्हणून मी आणि माझा अंगठा.

कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्यांचा एक ठोकताळा असतो: पहिले तीन दिवस कुत्रं बावरलेलं, तीन आठवड्यांत त्याला घरचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. काकांना तो फार पटलेला. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस, आणि हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला तर खातं एनपीए. तेव्हा नव्वदीपर्यंत बोलायचं नाही. दरम्यान ते रोज सकाळी साडेसहाला लिफ्टमधून एकटेच उतरायचे. घोषणा नसायची. आम्हाला सगळ्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. एकदा लिफ्टचं दार उघडल्यावर वहिनी सवयीने बाजूला झाल्या आणि काका कसनुसे हसले.

नव्वदाव्या दिवशी मला बरोबर घेऊन ते तपासणीला निघाले, नवं चामडी पाकीट, आत वही. बाईंच्या दारावर पाटी होती: 'बेल एकदा वाजवावी. कुत्र्याचे लाड करू नयेत.' खाली ताज्या रंगात: 'त्यांची परतफेड होत नाही.'

स्वीटी बाईंच्या खुर्चीखाली होता. काकांना पाहून त्याची शेपूट दोनदा हलली. आणि इथे काकांनी जे केलं ते मी त्यांच्या बाबतीत कधी कल्पिलं नव्हतं. डोळे भरून आले, वही विसरली, नियम विसरले, आणि ते वरून वाकून, थेट त्याच्या डोक्याकडे हात घेऊन गेले.

खुर्चीखालून एक बारीक, खरखरीत, गिरणीचा पट्टा सुरू व्हावा तसा आवाज आला.

काकांचा हात हवेतच थांबला. ते तसेच, कंबरेत वाकलेले, मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. "ऐकलंस?" ते कुजबुजले. "ऐकलंस ना तू? गुरगुरला!"

"रोज गुरगुरतो," बाई म्हणाल्या. "सरळ उभे राहा आता. कंबर धरेल."

काका सरळ झाले. चष्मा पुसला, वही उघडली, पट्टीने रेघ मारली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'मी' लिहिलं. पायरीच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून बसले. बाईंनी पेन्सिल पुढे केली आणि म्हणाल्या, "शून्य लिहा."