माहितीचौकटीतले दलाई लामा

मराठी विकिपीडियावर हौसेने संपादन करणाऱ्याच्या बोलण्यावर हळूहळू परिणाम होतो. कोणी भारावून ‘काय थोर माणूस!’ म्हणाले की जिभेवर ‘संदर्भ हवा’ येते. लग्नाच्या बैठकीत हे म्हणायचे नसते, एवढे भान अजून शिल्लक आहे.

सध्या मुक्काम चौदाव्या दलाई लामांच्या पानावर. मजकुराचे एक वेळ जमते. कोपऱ्यातली माहितीचौकट मात्र रेशन कचेरीतल्या कारकुनासारखी. विचारले तेवढेच सांगा, आणि एका ओळीत सांगा. जन्म ६ जुलै १९३५, गाव ताक्त्सेर, इथवर सगळे गुण्यागोविंदाने चालते. मग येतो ‘देश’. गाव तिबेट्यांच्या आम्दो प्रदेशातले, तेव्हा तिथे हुकूम चाले मा घराण्याच्या मुस्लीम सरदारांचा, आणि आजच्या नकाशात ते चीनच्या छिंगहाय प्रांतात. एक निनावी संपादक येऊन ‘तिबेट’ लिहून जातो, दुसरा ‘चीन’. तिसरा दोन्ही खोडून ‘भारत’ करतो. हा तिसरा मला मनातून आवडतो, पण त्याचा बदल उलटवावा लागतो.

‘पूर्वाधिकारी’ हा रकाना त्याहून बिकट. तेरावे दलाई लामा १९३३ साली गेले, आणि श्रद्धा अशी की चौदावे म्हणजे तेच. मग माणूस स्वतःचाच पूर्वाधिकारी ठरतो. भाविक लिहितात ‘अवतार आहेत’, आम्ही करतो ‘अवतार मानले जातात’. पुरावा आहे, असे भाविकांचे म्हणणे. भिक्षूंचे शोधपथक दोन वर्षांच्या पोरासमोर वस्तू मांडून बसले: तेराव्यांची माळ, काठी, छोटा डमरू, आणि शेजारी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या. पोराने नेमक्या खऱ्या उचलल्या, ‘हे माझे’ म्हणून. प्रसंग गोड आहे. पण स्वतःविषयी स्वतःच दिलेली साक्ष आमच्या धोरणात कच्ची धरतात. त्रयस्थ स्रोत लागतो. मा बुफांग या सरदाराला मात्र असल्या शंका नव्हत्या. त्याने त्या पोराला ल्हासाला जाऊ द्यायचे भरभक्कम पैसे वाजवून घेतले.

‘कार्यकाळ’ही सरळ नाही. १९४० मध्ये गादीवर बसवले. १९५० मध्ये चिनी फौजा आत शिरल्यावर, वयाच्या पंधराव्या वर्षी, राज्यकारभार हाती दिला. १९५९ मध्ये ल्हासा सोडून भारतात आले आणि २०११ मध्ये राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्यांकडे सोपवून फक्त धर्माचे पद ठेवले. आपल्याकडे प्रवास बहुधा उलट्या दिशेने होतो. पण हे वाक्य विश्वकोशात टिकणार नाही, म्हणून इथे लिहिले.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, एवढे एक वाक्य मी पानात घातले होते. त्याला आजवर कोणी हात लावलेला नाही. भांडणाच्या पानावर असे बिनबोभाट वाक्य सापडले की उगाच तिथे रेंगाळावेसे वाटते.

खरी गंमत, गंमत म्हणायची तर, शेवटच्या रकान्यात: ‘उत्तराधिकारी’. देवधर्म न मानणाऱ्या पक्षाच्या चिनी सरकारने २००७ मध्ये नियम काढला, की लामांच्या पुनर्जन्माला सरकारी मंजुरी लागेल. अर्ज कोणी करायचा, आधीच्याने की नंतरच्याने, याची कल्पना करत मी एक अख्खी संध्याकाळ मजेत घालवली. इकडे दलाई लामांनी जुलै २०२५ मध्ये सांगून टाकले की परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार शोधायचा अधिकार त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचाच. म्हणजे एका रकान्यासाठी दोन कचेऱ्या. तिबेटी परंपरेतले दुसरे मोठे लामा, पंचेन लामा, यांच्या बाबतीत हे घडूनही गेले आहे. १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या एका मुलाला अकरावे पंचेन लामा म्हणून जाहीर केले. काही दिवसांतच चिनी अधिकाऱ्यांनी त्याला उचलले आणि पुढे बीजिंगने दुसराच मुलगा अकरावा म्हणून बसवला. पहिला त्यानंतर लोकांसमोर आलेला नाही.

परवा कोणीतरी आमच्या रिकाम्या रकान्यात थेट एक मराठी नाव भरले. कारण दिले होते : ‘आमचा भाचा, वय दोन, आजोबांची जपमाळ सोडतच नाही.’ मी ते ताबडतोब उलटवले. त्या पोराच्या भल्यासाठी.