आधी भरा, मग रडा

सरकारला पैसे कमी पडले की ते दारूवर कर लावतं, पेट्रोलवर अधिभार लावतं आणि तेवढ्याने भागेनासं झालं की न्यायाकडे वळतं. दारूचं समजू शकतो. पिणारा निदान हौसेने पितो. कोर्टात हौसेने जाणारा एकच गृहस्थ आमच्या ओळखीत होता, आणि तो वकील होता.

2018 च्या जानेवारीत महाराष्ट्राने दिवाणी दाव्यांची कोर्ट फी वाढवली. कमाल मर्यादा 3 लाखांची एकदम 10 लाख झाली. पुढे 2025 मध्ये केरळनेही आपले दर वाढवले. कुठल्याही राज्यात अशी वाढ झाली की कारणं ठरलेली असतात. एक, दर फार जुने झाले होते. दोन, फी वाढली की खोटेनाटे दावे कमी होतात. पहिल्या कारणाशी आमचं भांडण नाही. सगळंच महागलं, तर न्यायाने काय घोडं मारलंय? दुसऱ्या कारणावर मात्र आम्ही फिदा आहोत.

ते का, हे आमच्या वाड्यातल्या अण्णांवरून सांगतो. अण्णांनी साडूला चार लाख रुपये हातउसने दिले. ‘दिवाळीपर्यंत परत करतो’ असं साडूभाऊ म्हणाले होते. कोणत्या दिवाळीपर्यंत ते ठरलं नव्हतं. उसन्या पैशांच्या दाव्याला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते आणि मेहुणीच्या तोंडाकडे बघण्यात अण्णांनी ती जवळजवळ संपवली. शेवटी एकदाचे वकिलाकडे गेले.

‘‘अण्णा, मुद्दल चार लाख, वर व्याज. जेवढी रक्कम मागणार, तिच्या हिशोबाने कोर्ट फी. ती आधी भरायची. शिवाय नोटीस, टायपिंग, वकीलपत्राचं तिकीट, आणि माझं काय ते आपण नंतर बोलू.’’

‘‘आणि साडूला किती भरावे लागतील?’’

‘‘त्यांना काय? वकीलपत्राला तिकीट लावलं की झालं. कैफियतीला कोर्ट फी नसते.’’

‘‘म्हणजे ज्याने बुडवले तो फुकट, आणि ज्याचे बुडाले त्याने...’’

‘‘त्यांनी उलटा दावा केला तर त्यांनाही भरावी लागेल,’’ वकीलसाहेबांनी धीर दिला.

खोटेपणा मोजायचं यंत्र कोर्टाकडे नाही, म्हणून दाराशी नुकसान मोजतात. जितके जास्त बुडाले, तितके जास्त भरा. दावा जिंकलात तर खर्च साडूवर बसेलच. मग तो वसूल करायला वेगळी दरखास्त लावायची, एवढंच. पाचशे कोटी बुडालेल्या कंपनीला मात्र कमाल मर्यादेचा आधार आहे. तिने 10 लाख भरले की काम झालं, म्हणजे शेकडा 0.02. हजार कोटींचा दावा आणला तरी फी तेवढीच, म्हणजे दर निम्मा. गरिबाने असा घाऊक माल आणायला शिकलं पाहिजे.

पेशवाईत वाद जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेत. लोभ तेव्हाही होताच. पण निकाल लागेपर्यंत थांबण्याची सभ्यता त्या लोभात होती. आधी पैसे, मग तक्रार हा शिस्तीचा प्रकार कंपनी सरकारचा. त्यांनी 1795 मध्ये बंगालमध्ये दाव्यांवर फी बसवली आणि कारण दिलं, खटलेबाजीला आळा! मेकॉलेसाहेबाचं आणि आमचं एरवी पटत नाही, पण त्या कायद्याच्या प्रस्तावनेला त्याने शुद्ध मूर्खपणा ठरवलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. खोटे दावे थांबवायचे असतील तर निकाल नीट द्या, खोटा माणूस आपोआप फिरकणार नाही. 1958 मध्ये मुंबईच्याच सेटलवाडांच्या विधी आयोगानेही बजावलं की न्याय पुरवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, त्यातून नफा काढू नये. अहवाल चांगला जाडजूड आहे. सरकारी कपाटात नीट उभा राहतो.

खुद्द इंग्लंडने अलीकडे हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. 2013 मध्ये त्यांनी नोकरीविषयक तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांत 1,200 पौंडांपर्यंत फी लावली. दावे धडाधड कोसळले. सरकार खूश! मग कुणीतरी आकडे नीट पाहिले. दावे घटले होते, पण उरलेल्यांत जिंकणाऱ्यांचं प्रमाण वाढण्याऐवजी उतरलं होतं. फीच्या चाळणीतून खोटे गळलेच नव्हते, गळाले होते ते खिशाने बारीक. 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली आणि सरकारला घेतलेले पैसे परत करावे लागले. आपण साहेबाकडून टाय घेतला, क्रिकेट घेतलं. हे मात्र घ्यायचं राहिलं.

आपल्याकडे सवलती नाहीत असं कुणी म्हणू नये. 1994 पासून महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे, आणि ते उत्तमच आहे. अण्णांनी लगेच विचारलं, दावा काकूंच्या नावाने टाकता येईल का? वकील म्हणाले, पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, आणि साडूला दिलेली उसनवारी त्या यादीत नाही.

मग अण्णांचं लक्ष निर्धनांच्या दाव्याकडे गेलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेहतिसाव्या आदेशात ती सोय आहे. फी भरायची ऐपत नसेल तर तसा अर्ज करायचा, सोबत आपल्या मालमत्तेची यादी जोडायची. अर्जाची नोटीस प्रतिवादीला जाते आणि सरकारी वकिलालाही. दोघांनाही, तुम्ही वाटता तितके गरीब नाही, हे सिद्ध करण्याची संधी मिळते. म्हणजे साडूविरुद्ध लढण्याआधी अण्णांनी आपल्या दारिद्र्यासाठी सरकारशी लढायचं. एरवी गरिबी हटवण्यात इतका उत्साह सरकार दाखवत नाही. समजा गरिबी मंजूर झाली, दावाही जिंकला, तरी न भरलेली फी मिळालेल्या रकमेतून पहिल्यांदा सरकार कापून घेतं. हरलात तर तुम्हीच भरा. अण्णांच्या नावावर एक स्कूटर आणि सोसायटीचे शेअर होते. त्यांनी तो नाद सोडला.

फी भरली. दावा दाखल झाला. तारखा पडू लागल्या. साडूभाऊंची कैफियत आली. ती रक्कम उसनी नसून ‘लग्नाचा प्रेमाचा आहेर’ होता, असं त्यात होतं. एवढं धादांत खोटं लिहायला एक पैसाही कोर्ट फी लागली नाही, हे अण्णांना सगळ्यात जास्त झोंबलं.

अखेर लोकअदालतीत तडजोड झाली. अडीच लाख, तेही हप्त्यांनी. दीड लाखावर अण्णांनी पाणी सोडलं. पण तिथे एक आनंदाची बातमी कळली. लोकअदालतीत मिटवलं की भरलेली कोर्ट फी परत मिळते. न्याय मागितला तर पैसे, न घेता घरी गेलात तर परतावा! जगात इतका प्रामाणिक दुकानदार दुसरा नसेल.

साडूभाऊंनी सगळ्यांदेखत अण्णांना वाकून नमस्कार केला. पहिला हप्ता दिवाळीपर्यंत देतो म्हणाले. अण्णा परताव्याच्या चौकशीला खिडकीपाशी गेले. आतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, ‘‘अर्ज करा. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावून आणा.’’