तरतूदकाका

घोडबंदर रोडवर माणूस ओळखला जातो तो टॉवरच्या नावावरून, मजल्यावरून, फार तर गाडीच्या नंबरावरून. आमच्या संकुलात लेखाशीर्षावरून ओळखले जाणारे गृहस्थ एकच. त्यांना लहानथोर सगळेच तरतूदकाका म्हणतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण कुरिअरवाल्याखेरीज ते कुणी वाचत नाही.

काकांचा उभा जन्म सरकारी लेखा खात्यात, दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर आक्षेप घ्यायला घरात फक्त काकू उरल्या, आणि तिथे अपिलाची सोय नव्हती. अशा पडत्या काळात ठाणे महापालिकेचं अंदाजपत्रक त्यांच्या हाती लागलं. पाच हजार कोटींच्या वरचा व्यवहार, शेकडो पानं, आणि सगळी आकड्यांची! काकूंचा जीव भांड्यात पडला.

लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, काकांचं डिसेंबरात. "सूचना आत्ता द्यायच्या. मार्चमध्ये देतो तो भाबडा, एप्रिलमध्ये देतो तो कवी!" लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला चौदाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ते सगळी प्रक्रिया समजावून देतात. महापालिका अधिनियम 1949, कलम 95. आयुक्त अंदाज तयार करतात, ते स्थायी समितीकडे जातात, समिती त्यात भर घालते, मग महासभा आणखी भर घालते. "उत्पन्न तेवढंच, खर्च मात्र प्रत्येक मजल्यावर वाढत जातो," असं म्हणेपर्यंत तळमजला येतो. पण लिफ्टचं दार काकांच्या चपलेनं अडवलेलं असतं.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकांची राजवट आली, तेव्हा काका फार अस्वस्थ झाले. आयुक्त अंदाजपत्रक मांडणार, आणि प्रशासक या नात्यानं आयुक्तच ते मंजूर करणार. "अहो, मांडणारा आणि मान डोलावणारा एकच! निदान मधे चहाला तरी उठत असतील का?" जानेवारी 2026 मध्ये अखेर निवडणूक झाली. काकांनी सूचनापत्राच्या चार प्रती काढल्या, कारण प्रभागाला नगरसेवक चार. "चौघांना एकेक प्रत. म्हणजे प्रत्येकाला वाटेल, उरलेले तिघं बघतील."

काकांच्या सूचना मात्र कमालीच्या नेमक्या असतात. 'रस्ते सुधारा' असली घाऊक वाक्यं त्यांना खपत नाहीत. वाघबीळच्या उड्डाणपुलाखाली रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किती सेकंद लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं आहे. म्हातारा माणूस म्हणून काकूंना चालवलं. त्याबद्दल काकू आठवडाभर बोलत नव्हत्या.

पण घोडबंदर रोडसाठी पैसे मागायचे म्हणजे आधी हा रस्ता कुणाचा, ते ठरवावं लागतं. काकांच्या हॉलमध्ये रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा आहे, चार रंगांत. नकाशा काढला तेव्हा मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, सेवा रस्ता महापालिकेचा, मेट्रोचे खांब एमएमआरडीएचे, आणि पुढे गायमुखच्या घाटात गेलं की वनखात्याचा हिरवा रंग सुरू. "आणि खड्डा?" मी एकदा विचारलं. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "खड्डा जनतेचा. तेवढ्या एकाच गोष्टीत संपूर्ण लोकसहभाग आहे."

काकांचं मोठं दुखणं पुण्यात राहतं. म्हणजे त्यांचा मेहुणा, कोथरूडला. पुणे महापालिकेनं नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक 2006-07 पासूनच सुरू केलं. तिथे क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, आपल्या भागातलं 5 लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. मेहुण्यानं सुचवलं आणि चक्क बाक मंजूर झाला. दिवाळीत त्यानं बाकावर बसून काढलेला फोटो पाठवला. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि फराळ सोडून नाचायचेच बाकी राहिले. बाकाच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'संकल्पना : मा. नगरसेवक'. काकांनी लगेच फोन लावला. "अभिनंदन! बाक तुझा, पाठ त्यांची!"

तरी ते मनातून खट्टू होतेच. सोसायटीच्या सभेत त्यांनी विषय काढला. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात 1989 पासून लोक वस्तीवस्तीत जमून महापालिकेचा पैसा कुठे लावायचा ते ठरवू लागले आणि मग जगभरच्या शहरांनी तो धडा गिरवला, हे सांगायला त्यांनी सुरुवात केली. "पोर्तो आलेग्रे..." एवढं म्हणताच मागून आवाज आला, "ओवळ्याला झालंय तेच ना? टू बीएचके कितीला आहे हो?" दुसऱ्यानं पार्किंगचं विचारलं. तिसऱ्यानं पाणी टँकरचं की पालिकेचं, ते विचारलं. ब्राझील तिथेच राहिलं.

आता यातली मौज अशी, की आमच्या सोसायटीचे खजिनदार काकाच आहेत. ठाण्याच्या कारभारात जनतेला विचारल्याशिवाय पान हलू नये म्हणणारे काका, सोसायटीच्या कारभारात पानाला हातही लावू देत नाहीत. त्यांचं वार्षिक अंदाजपत्रक सभेच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवलं जातं. टँकर, सुरक्षारक्षक, लिफ्टची देखभाल, सिंकिंग फंड, आणि शेवटी 'इतर' या नावाची ठोक तरतूद. 'इतर'मध्ये काय येतं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "इतर सगळं."

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गेटपाशी बाक मागितला. टँकर येईपर्यंत बादल्या घेऊन उभं राहवत नाही म्हणाल्या. काका म्हणाले, "लेखी द्या." आजींनी दिलं. सभेत टाळ्यांच्या गजरात बाक मंजूर झाला. वर्ष गेलं. आजी उभ्याच.

मग सोसायटीच्या कार्यालयात एक पत्र आलं. आजींच्या नातीचं, कॉलेजात शिकणाऱ्या. 'गतवर्षी मंजूर झालेल्या बाकासाठी किती रक्कम ठेवली होती? त्यातील किती खर्च झाली? शिल्लक रक्कम कोणत्या शीर्षाखाली वळवली? सात दिवसांत उत्तर मिळावे.' खाली चार प्रती, चौघा कमिटी सदस्यांना.

काका लाल झाले. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर मेहुण्याच्या फोटोनंतर प्रथमच तसा आनंद दिसला. "पोरीनं बाक मागितलाच नाही बघा," ते मला म्हणाले, "हिशेब मागितला! मागणारे गल्लोगल्ली आहेत हो. मंजूर झाल्याच्या टाळीनंतर घरी न जाणारं माणूस कुठे मिळतं?"

मी म्हटलं, "मग बाक कधी येतोय?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली, पत्रावर आवक क्रमांक टाकला आणि झोकदार सही करून उत्तर लिहिलं : 'बाकासाठी तरतूद आहे, निधी नाही. तथापि अर्जदाराची उपखजिनदारपदी नियुक्ती करण्यात येत आहे. पुढील पत्रव्यवहार त्यांनी स्वतःशीच करावा.'