मोदक नको, दूध आण

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता, म्हणजे खरं तर पाळी कावळ्यांची. पण देशभर गणपतीच दूध प्यायला लागला. चमचा सोंडेला टेकवून जरासा कलता केला की दूध गायब! (कलता करणं महत्त्वाचं, सरळ धरला की बाप्पा रुसत.) शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, पृष्ठताणाने ओढलेलं दूध पातळ ओघळ होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतंय. पण रांगेत उभ्या माणसाला ओघळ कसा दिसणार? लंडनच्या साउथॉलमध्येही बाप्पा प्यायले, तिथं अर्थात पाश्चराइज्ड. मोदक खाल्ल्याचं मात्र कुठूनच ऐकू आलं नाही. घन पदार्थांची भक्ती कमी पडत असावी.