केळ्याचे तीस रुपये

"यंदा लोणचं घालू का नको गं?" आक्कांनी कैऱ्यांची बुट्टी कंपाउंडच्या भिंतीवर टेकवत विचारलं.

मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून विचारतायत. पण कारण वेगळंच होतं. 12 ऑगस्ट 2026 ला पृथ्वीची ओढ सात सेकंद बंद पडणार, माणसं छताला जाऊन आपटणार, असं नातवाच्या मोबाइलवर आलं होतं. आता फळीवरच्या काचेच्या बरण्यांचं काय?

मी समजावून सांगितलं. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे, तेवढं खरं. पण ते ग्रीनलंड, आइसलँड, स्पेन तिकडं, आपल्याला दिसणारसुद्धा नाही. पृथ्वी आहे तेवढीच जड राहणार, मग तिची ओढ कुठं जाणार? खुद्द नासानं असं काही होणार नाही म्हणून सांगितलंय.

"नासानं सांगितलं? मग हाय कायतरी. उगंच कोन तोंड उघडतंय?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आक्कांच्या या तर्कापुढं भले भले गार पडलेत. 2016 च्या नोव्हेंबरात दोन हजाराच्या नोटेत चिप आहे आणि जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी उपग्रहाला दिसते, असं पसरलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं म्हणणं एकीकडं आणि आमच्या जयसिंगपुरातल्या आक्का एकीकडं. त्यांनी नोट ज्वारीच्या पिपात तळाशी घातली होती. 2023 च्या मे महिन्यात ती नोट चलनातून काढून घ्यायचं ठरलं, आक्कांची नोट बँकेत गेली, उपग्रहानं काही चौकशी केली नाही. राष्ट्रगीताला युनेस्कोनं पहिला नंबर दिल्याचं तर दर 15 ऑगस्टला त्या मला नव्यानं सांगतात. मीही दर वर्षी "हो का!" म्हणते. सणाच्या दिवशी कुठं वाद घाला.

पण खरं सांगायला गेलं की यांचा चेहरा कोर्टातल्या वकिलासारखा होतो. त्या दिवशी म्हटलं, आक्का, न्यूयॉर्कला भिंतीवर चिकटपट्टीनं डकवलेलं एक केळं लिलावात 62 लाख डॉलरला गेलं. आपले बावन्न कोटी.

"जा गं."

नाव, गाव, तारीख सगळं सांगितलं. मॉरिझिओ कॅटेलान नावाचा इटालियन कलावंत. 2019 मध्ये मायामीच्या कलाप्रदर्शनात त्यानं ते पहिल्यांदा लावलं, तेव्हा सव्वा लाख डॉलरच्या आसपास किंमत होती. तिथंच एका पठ्ठ्यानं भिंतीवरचं काढून खाल्लं. मग दुसरं लावलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सदबीज्‌च्या लिलावात जस्टिन सन या क्रिप्टोवाल्यानं बोली जिंकली, आणि नऊ दिवसांनी हाँगकाँगला पत्रकारांना बोलावून त्यानंही खाल्लं. विकत मिळतं ते केळं नव्हेच. मिळतो एक दाखला आणि केळं कसं, किती उंचीवर लावायचं याच्या सूचना. फळ नासलं की आपलं आपण बदलायचं.

आक्का शांतपणे कैरीचं देठ खुडत होत्या. "आनि मूळ केळं केवढ्याला घेतलं हुतं?"

फुटपाथवरच्या गाड्यावरून, पस्तीस सेंटला. बांगलादेशहून गेलेला एक म्हातारा विकत होता. आपले तीस रुपये.

"एका केळ्याला तीस रुपये?" आक्कांचा हात थांबला. "लुटलं की त्यास्नी!"

बावन्न कोटींचं काही नाही. ते आकाशातले पैसे. तीस रुपये मात्र लागले. खरं सांगायचं तर मलाही यात आक्कांचंच पटतं. त्या म्हाताऱ्याला आपल्या केळ्याचं पुढं काय झालं ते पत्रकारांनी सांगितलं, तेव्हा तो रडला म्हणे. मी हे सांगितल्यावर आक्का एवढंच म्हणाल्या, "रडंल न्हाई तर काय करंल."

लूव्रच्या चोरीवर मात्र त्यांचा लगेच विश्वास बसला. 19 ऑक्टोबर 2025, रविवार, सकाळची वेळ, पॅरिसमधलं जगातलं सगळ्यात गाजलेलं संग्रहालय. चोरांनी फर्निचर वर चढवायची लिफ्ट बसवलेला ट्रक लावला, कामगारांची जाकिटं घातली, खिडकीतून आत गेले आणि आठ मिनिटांच्या आत 8 कोटी 80 लाख युरोचे दागिने घेऊन पसार झाले. एक मुकुट तेवढा पळताना खाली पडला.

"जाकीट घातलं की कोन इचारतंय," आक्का म्हणाल्या. त्या लिफ्टच्या जर्मन कंपनीनं पुढं तोच फोटो टाकून घाईच्या कामाला आमचंच यंत्र अशी जाहिरात केली, हे मात्र त्यांना काही केल्या पटेना. चोरानं आपली शिडी वापरली म्हणून कुणी मिरवतं होय?

आता जगाच्या लेखी चमत्कारिक कोण, हाही प्रश्नच आहे म्हणा. 28 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टानं आमच्या जवळच्या नांदणी मठाची याचिका फेटाळली आणि मठाची माधुरी हत्तीण जामनगरला, अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात गेली. तिच्या पायांच्या दुखण्याचं कागदोपत्री होतं आणि ते कोर्टानं मानलं, ही बाजू आमच्याकडं फारसं कुणी ऐकून घेत नव्हतं. गावोगावी लोकांनी रागानं अंबानींच्या कंपनीची मोबाइल सिमकार्डं दुसऱ्या कंपनीत नेली. नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत लोक चालत गेले. आक्का त्यात होत्या, निदान हातकणंगल्यापर्यंत.

त्यांचा पुण्याचा भाचा आयटीत आहे. त्यानं तेव्हा फोन केला होता. हत्तिणीसाठी माणसं सिमकार्ड बदलतात, एवढं चालतात, हे असलं काहीतरी कुणीतरी बनवून सोडतंय, मावशी, पुढं पाठवायच्या आधी फॅक्ट चेक करत जा.

"मी म्हनलो त्याला, फॅक्ट काय चेक करतोस बाबा," आक्कांनी बुट्टी कमरेवर घेतली, "हितं ये आनि माझ्या टाचा बघ."