ऐकलंत का? पोरं भिंती बघत बसलीत!

वैजापुरात सध्या कांद्याच्या भावाखालोखाल कशाची कुजबुज असेल, तर ती या पोरांची. पोरं गेम खेळतात ही तक्रार आता जुनी झाली, तिच्यात काही चव उरली नाही. नवी बातमी त्याहून भयंकर आहे. पोरं गेम खेळतच नाहीत! समोर चांगला दैत्य उभा, हातात त्रिशूळ, आणि कार्टं थांबून भिंतीवरची चित्रं निरखतंय. शेजारचे काका न राहवून ओरडले, "अरे, मार की त्याला!" तर उत्तर काय? "थांबा हो काका, म्युझिक ऐकू द्या जरा." त्या रात्री काकांचं जेवणात लक्ष नव्हतं म्हणे.

आता हा गेम कुठला? ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. आणि हे उद्योग जपान-अमेरिकेतल्या कुणी केले असं समजू नका. पुण्यात झालेत! नॉडिंग हेड्स गेम्स नावाची मंडळी आहेत. (पुण्याचं नाव निघालं की आमच्याकडे अर्धा संशय तिथंच पक्का होतो.) राजी ही कसरती करणारी पोरगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, महाबलासुर पळवून नेतो आणि ही एकटी त्याला सोडवायला निघते. बरं, गोष्ट सांगायला कोण, तर साक्षात दुर्गा आणि विष्णू. दोघं वरून पोरीचे पराक्रम बघतात आणि आपसात बोलतात. सराला बेटाच्या सप्ताहाला न चुकता जाणारी आमची माणसं. त्यांनी विचारलं, देवच निवेदन करायला लागले तर महाराजांनी करायचं काय? प्रश्न बिनतोड आहे.

पण खरा घोटाळा चित्रांचा. भिंती, कमानी, जाळ्या, हौद, सगळं हातानं रंगवल्यासारखं, पहाडी लघुचित्रांच्या रंगात बुडवलेलं. वाडे-महाल पाहिले तर थेट राजस्थान. मधेमधे गोष्ट पुढं सरकते ती सावल्यांच्या बाहुल्यांतून. असल्या चामड्याच्या बाहुल्या आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला पिढ्यान्‌पिढ्या नाचतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली. पण त्या बघायला वैजापुरातनं कोण गेलंय? आणि अजिंठा तर आपल्याच जिल्ह्यात! शाळेची सहल तिथं गेली होती तेव्हा याच पोरांचं सगळं लक्ष वेफर्सच्या पुड्यांवर होतं. जातककथा डोक्यावरून गेल्या. आता पडद्यावरच्या भिंतीपुढं मात्र अर्धा अर्धा तास समाधी लागते. सहलीच्या सरांना हे कळलं तर बिचारे काय म्हणतील!

संगीताचं तर विचारूच नका. गोष्ट आपल्या देवांची, गेम पुण्याचा आणि चाली बांधल्या ग्रीसच्या लिनोस त्झेलोस या माणसानं. म्हणजे वरात इथली आणि बँड थेट समुद्रापलीकडचा. आपली वाद्यं आणि त्याच्याकडची वाद्यं त्यानं अशी काही गुंफलीत की कुठली कुणाची ते सांगताना आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांचीही पंचाईत झाली.

आणखी एक गंमत ऐका. २०१७ साली या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकांकडे वर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी हटले नाहीत. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला. पुढच्या पंधरवड्यात, २ सप्टेंबरला, सरकारनं पब्जीवर बंदी घातली आणि अख्खा महाराष्ट्र सुतकात गेला. जो तो पब्जीसाठी रडतोय आणि पुण्याचा गेम जगभर खेळला जातोय, हे कुणाच्या गावीही नाही! त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत राजीला नामांकन होतं. बक्षीस गेलं फास्मोफोबिया या भुताखेतांच्या गेमला. देवांना भुतांनी हरवलं, दुसरं काय.

खरं सांगायचं तर राजीतली मारामारी यथातथाच आहे. खेळ पाच-सहा तासांत आटोपतो आणि शेवट असा तुटतो की मागून कुणी वीज घालवली की काय वाटावं. तरी त्या भिंती आणि ते सूर डोक्यातून जात नाहीत. गेम खेळून संपतो, दिसणं-ऐकणं मागं उरतं. आमच्या मते पोरांना नेमकं हेच कळलंय आणि म्हणूनच ती हाताबाहेर गेलीत.

आता मोठ्यांचं पितळ उघडं पाडू का? हेच बाप लोक नव्वदीत टीव्ही गेमच्या कॅसेटला फुंकर मारमारून मारिओ खेळायचे. आजही गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसून तीच धून गुणगुणतात, विचारलं की म्हणतात जुनं गाणं आहे. गाणं कसलं, कोजी कोंडो यांनी १९८५ च्या गेमसाठी केलेली चाल ती! अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०२३ साली ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली. गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. अख्खा मारिओ बसवला होता फक्त ४० किलोबाइटमध्ये. गुड मॉर्निंगचा एक फोटो त्याच्या दुप्पट भरतो. जागेची इतकी मारामार, की मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. चाळीस वर्षं आपल्याला फसवलं आणि आपण टाळ्या वाजवल्या.

कॅनडातल्या मोल्डेनहावर बंधूंनी तर घरं गहाण टाकली. कशासाठी? १९३० च्या कार्टूनसारखी चित्रं कागदावर पेन्सिलीनं काढून, खरोखरीचा जाझ वाजवून ‘कपहेड’ नावाचा गेम करायचा म्हणून! वैजापुरात घर गहाण पडतं ते लग्नात नाहीतर कांद्यात. कार्टूनपायी कुणी टाकल्याचं ऐकलंय?

तेव्हा मंडळी, पोरांना ओरडायचं असेल तर खुशाल ओरडा, तो आपला हक्कच आहे. फक्त त्याआधी त्यांच्या इयरफोनचा एक कान मागून घ्या.